करंजदऱ्याचं महामांडूळ

वन्यजीव सप्ताहाच्या फेरीची बैठक मेढ्याला होती आणि करंजदऱ्याचे सरपंच तिथं पोचेपर्यंत सगळी जनावरं संपली होती. प्रत्येक गावानं आपल्या रानातलं एक जनावर घ्यायचं, त्याचा देखावा करायचा आणि मेढ्याच्या बाजारपेठेतून मिरवत न्यायचा, असं ठरलं होतं. बिबट्या बैठक सुरू होताहोताच गेला. पाठोपाठ गवा गेला, अस्वल गेलं. शेकरावरून दोन गावांची जुंपली, तेव्हा ते चिठ्ठी टाकून दिलं. साळिंदर तेवढं शिल्लक होतं, पण सरपंच दारात चपला काढेपर्यंत तेही कुणीतरी उचललं.

सरपंचांनी गावात येऊन शाळेत सभा घेतली आणि झाला प्रकार सांगितला. मुंगूस घ्यावं असं एकजण म्हणाला. मुंगूस रानात कमी आणि गावात जास्त असतं, म्हणून ते बाद झालं. मग शाळेत नव्यानं आलेल्या विज्ञानाच्या बाई, प्रांजल, उभ्या राहिल्या. त्या आटपाडीकडच्या. घरी मेंढरं, शिक्षण साताऱ्यात.

"जे अजून झालंच नाही असं जनावर घेऊ," त्या म्हणाल्या. "ते तरी कुणी घेतलं नसेल."

सभेला हे पटलं. कुणी घेतलं नसणार याबद्दल दुमत नव्हतं.

प्रांजलबाईंनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. हवा अशीच तापत गेली, पाऊस वाढत गेला, तर पुढं कधीतरी जावळीचं रान आजच्यापेक्षा चौपट दाट होईल. गरम हवेत साप मोठे होतात. आटपाडीच्या माळावर भुसभुशीत मातीत राहणारं मांडूळ तेव्हा इकडं डोंगरात चढेल आणि फुगत फुगत साठ-सत्तर फुटांचं होईल. त्याला विष नसेल. ते विळखा घालून गवा मारील. आणि आजच्या मांडुळासारखंच त्याचं शेपूट बोथट असेल, तोंडासारखं दिसणारं.

"साधारण कवा येनार हे?" नाथाजींनी विचारलं. नाथाजी तोफखान्यात होते. डावा कान तिकडंच ठेवून आलेले.

"दोन-तीन कोटी वर्षांनी."

"म्हंजे आपल्या हयातीत न्हाई."

"नाही."

"गवं संपलं की म्हशीवर येईल," हरणाबाई बायकांमधून म्हणाली. "गोठ्याला दारं लावाय पायजेत." दोन-चार बायकांनी माना डोलावल्या.

हरणाबाईचा नवरा भाऊसो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला होता. तो मागं बसला होता याचं कारण एवढंच, की त्याचा थोरला भाऊ हंबीरराव पुढं बसला होता. हंबीरराव पुढं असला की भाऊसो मागं, हंबीरराव देवळात असला की भाऊसो ओढ्यावर, असं गेली काही वर्षं बिनबोभाट चाललं होतं. दोघंही पलटणीतून रिटायर झालेले. हंबीरराव सुभेदार होऊन, भाऊसो नाईक होऊन. घरं भिंतीला भिंत लावून.

भांडण लग्नपत्रिकेचं होतं. भाऊसोच्या मुलीचं, साक्षीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या, आणि निमंत्रकांत पहिलंच नाव 'हवालदार हंबीरराव' असं छापलेलं निघालं. सुभेदाराचा हवालदार, दोन पायऱ्या खाली. चूक छापखान्याची. हंबीरराव लग्नाला आला, अक्षता टाकल्या, आहेर केला आणि पंगतीला न बसता घरी गेला. भाऊसोला वाटलं, छापणाऱ्याच्या चुकीला आपण का हात जोडायचे? हंबीररावाला काय वाटलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. अगदीच नड पडली तर भाऊसोच्या म्हशीशी बोलत. "उद्या पाटाला पानी येनार हाय," हंबीरराव आपल्या ओट्यावरून म्हशीला सांगायचा. "आमाला ठावं हाय," असं भाऊसो म्हशीला सांगायचा. म्हैस दोघांचंही ऐकून घ्यायची.

साप करायचं ठरलं आणि गाव कामाला लागलं. चिव्याच्या बारीक बांबूच्या कामट्यांची कडी वळली, त्यावर हिरवी शेडनेट ओढली, प्रांजलबाईंनी पोरांकडून तिच्यावर तांबूस पट्टे रंगवून घेतले. आत चौदा-पंधरा गडी, बहुतेक सगळे पलटणीतून रिटायर झालेले, प्रत्येकाच्या खांद्यावर दोरीनं अडकवलेलं एक कडं. पुढं फायबरचं डोकं, साताऱ्याच्या एका मूर्तिकाराकडून आणलेलं. जबडा दोरी ओढली की उघडायचा.

डोकं हंबीररावाकडं जाणार हे कुणी ठरवावं लागलं नाही. शेपटाला मात्र कुणी तयार होईना. साठ फूट मागं, शेडनेटच्या आत, समोर फक्त पुढच्याची पाठ.

"मी जातो शेपटाला," भाऊसो म्हणाला. हंबीररावापासून त्याहून लांबची जागा सापात नव्हती.

"शेपूट म्हणजे कमी समजू नका, काका," प्रांजलबाई म्हणाल्या. "ते खोटं तोंड आहे. साप ते उचलून हलवणार. गवा त्याच्याकडं बघत राहील आणि खरं तोंड दुसरीकडून धरील. तुम्ही नीट हलवलं नाही तर साप उपाशी मरेल."

भाऊसोनं हे मनावर घेतलं. त्यानं शेपटाला डोळे रंगवून घेतले, बघायला जाळीची झडप ठेवून घेतली आणि परसात फावडं धरून शेपूट उचलायचा सराव सुरू केला. हरणाबाई धुणं वाळत घालताना ते बघायची.

खरी अडचण चालण्याची होती. पहिल्या दिवशी हंबीररावानं डोक्यातून "तेज चल!" म्हटलं आणि सगळा साप डाव्या पायावर निघाला. डावा, उजवा, डावा, उजवा. शाळेच्या पटांगणावरून साठ फुटी साप परेड करत गेला आणि झेंड्याच्या खांबाजवळ "थम" म्हणताच टाच आपटून थांबला.

"साप असं चालत नाही," प्रांजलबाई म्हणाल्या. "लाट गेली पाहिजे. पुढच्याचं पाऊल पडलं की मग मागच्याचं. एकदम नाही."

सगळ्यांनी प्रयत्न केला. पण वीस-वीस वर्षं पाय मिळवण्यात घालवलेली माणसं. मुद्दाम बेताल चालायला लागली की चार पावलांत आपोआप ताल धरायची. शेवटी बाईंनीच हात टेकले आणि सांगितलं, की दोन कोटी वर्षांत साप कसा चालायला लागेल हे आज कुणी सांगू शकत नाही.

फेरीच्या दिवशी ऊन कडक होतं. मेढ्यात माणूस मावत नव्हता. बिबट्या ट्रॅक्टरवरून आला होता, गवा ट्रॉलीतून. करंजदऱ्याचा साप मात्र पायी. आत शिरण्याआधी भाऊसोनं लांबूनच पाहिलं, हंबीररावानं अंगात कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, त्याला मेडलं लावली होती. ती डोक्याच्या आत कुणाला दिसणार नव्हती. तरी लावली होती. चेहरा जरा ओढल्यासारखा वाटला. भाऊसोनं तिकडून नजर काढली आणि आपलं शेपूट खांद्यावर घेतलं.

बाजारपेठेच्या तोंडापर्यंत सगळं ठीक चाललं. पोरं ओरडत होती, बायका लेकरांना कडेवर घेऊन दाखवत होत्या, कर्ण्यावरून "करंजदऱ्याचं महामांडूळ, अजून न झालेला साप" असं पुन्हा पुन्हा सांगत होते. भाऊसो जीव तोडून शेपूट हलवत होता. एक म्हातारी त्याच्याकडं बघून हात जोडून गेली, तेव्हा त्याला बरं वाटलं.

चौकात होमगार्डनं डावीकडं हात केला. तो हात दुधाच्या टेम्पोला होता. हंबीररावाला जबड्याच्या फटीतून टेम्पो दिसला नाही, हात दिसला. हुकूम तो हुकूम. त्यानं साप डावीकडच्या बोळात घातला. बोळ पुढं एका मिठाईच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला जाऊन संपत होता. डोकं त्या भिंतीवरच्या पत्र्याखाली जाऊन अडकलं. मागून बाकीचे येतच राहिले, कारण थांबा असं कुणी म्हटलं नव्हतं. बघता बघता बोळ दोन्ही भिंतींना लागून सापानं भरला. शेपूट तेवढं मोठ्या रस्त्यावर राहिलं. त्याच्यामागं गव्याची ट्रॉली येऊन थांबली, तिच्यामागं सगळी फेरी.

हंबीररावाचा निरोप माणसामागून माणूस करत मागं आला. डोक्यातून निघाला तेव्हा तो असा होता, "शेवटच्याला सांगा, गल्ली बंद हाय, मागं सर." पण सापाच्या मध्यावर नाथाजी होते. त्यांच्या डाव्या बाजूनं आलेला निरोप उजव्या बाजूनं बाहेर पडला आणि भाऊसोपर्यंत पोचला तो असा, "शेवटच्याला सांगा, गिरणी बंद हाय, दळण मागं न्या."

भाऊसोनं बराच विचार केला. मग उलट निरोप पाठवला, "पहिल्याला सांगा, आज दळणाचा काय संबंध?"

नाथाजींना त्यातलं शेवटचंच ऐकू आलं. हंबीररावाला मिळालं ते एवढंच, "पहिल्याला सांगा, तुमचा काय संबंध?"

इतक्या वर्षांनी धाकट्या भावाकडून आलेला हा पहिला निरोप. फायबरच्या डोक्यात हंबीरराव काय म्हणाला ते त्याच्यामागच्या अमृतनं ऐकलं, पण मागं सांगितलं नाही. मग मोठ्यानं हुकूम आला, आणि हा मात्र सगळ्यांना थेट ऐकू गेला. "पीछे मुड़!"

सगळे एका झटक्यात जागच्या जागी वळले. माणसं वळली, कडी वळली नाहीत. दोऱ्या खांद्यावरून गळ्यात आल्या, कामट्या कडाकडा वाजल्या आणि साप पिळलेल्या धोतरासारखा झाला. कोण कुणाच्या काखेत, कोण कुणाच्या गुडघ्यावर. कुणीतरी शिवी दिली, तीही निरोप समजून मागं पोचवली गेली.

आणि मग पुढून काहीच येईना.

भाऊसो वाट बघत राहिला. आता शिव्या येतील, मग नवा हुकूम येईल. काहीच आलं नाही. पुढच्या चौकीवरून आवाज बंद झाला की कान लावतात तसा त्यानं कान लावला. तेवढ्यात अमृतचा निरोप सरकत आला आणि या खेपेला नाथाजींनी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. "सुभेदार खाली बसल्यात. घाम सुटलाय. बोलंनात."

"आण्णा!" भाऊसो ओरडला.

साठ फूट सापाच्या पोटातून ती हाक गेली. मधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, जणू त्यांनी ती ऐकायची नव्हती.

शेपूट टाकून पळत जावं तर बोळात मुंगीला वाट नव्हती. साप बाहेर निघाला तरच हंबीरराव बाहेर निघणार होता. भाऊसोनं झडपेतून तोंड काढलं. बाहेर हरणाबाई उभी होती, तिच्याशेजारी जाऊबाई शालूबाई आणि प्रांजलबाई.

"निसतं मागं चाला म्हनून हे चालायचं न्हाईत," हरणाबाई म्हणाली. "लावनीला घाला त्यास्नी."

भाऊसोला ते एकदम उमगलं. तो आत वळून ओरडला, "गड्यांनो, वळा पयल्यासारखं! भाताची लावनी! वाका खाली! मागं सरा!"

करंजदऱ्यात जन्मलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. आयुष्यभर प्रत्येक पावसाळ्यात ही माणसं चिखलात वाकून, एकेक पाऊल मागं टाकत भात लावत आली होती. सगळे पुन्हा डोक्याकडं वळले आणि वाकले. वाकल्यावर दोऱ्या सैल झाल्या. पहिलं पाऊल मागं पडलं, मग दुसरं. चिखलात टाकावं तसं, जपून, एकामागून एक. कुणाचा ताल कुणाशी जमत नव्हता आणि सापाच्या अंगावरून शेपटाकडून डोक्याकडं एक लाट गेली, मग दुसरी. "अशीच!" प्रांजलबाई स्वतःशीच म्हणाल्या. भाऊसो सगळ्यांत मागं, म्हणजे आता सगळ्यांत पुढं, शेपूट छातीशी धरून ओढत होता. पत्रा खडखडला, फायबरचं डोकं सुटलं. महामांडूळ शेपटाकडून रस्त्यावर आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कर्ण्यावरून सांगण्यात आलं की साप आता दिशा बदलत आहे.

अमृतनं हंबीररावाला काखेत हात घालून बाहेर आणलं होतं. त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं. तोंड पांढरंफटक, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. शालूबाई गडबडली नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं साखरेची पुडी काढली आणि नवऱ्याच्या तोंडात घातली.

"सकाळी गोळी घेतली आन् भाकरीला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "मेडलं पुसत बसलं हुतं."

"कसली गोळी?" भाऊसोनं विचारलं.

"शुगरची. उपाशीपोटी घेतली की साखर पार उतरती."

"आण्णाला शुगर हाय? कवापास्नं?"

"झाली चार-पाच वर्सं."

भाऊसोनं बायकोकडं पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

"आख्ख्या गावाला ठावं हाय," हरणाबाई म्हणाली. "तुमी कवा इचारलंच न्हाई."

भाऊसो पायरीखाली उकिडवा बसला. भिंतीपलीकडं रोज पहाटे खोकणारं, अंघोळीला पाणी ओतून घेणारं, बातम्या मोठ्यानं लावणारं माणूस. त्याचा आवाज न् आवाज भाऊसोला पाठ होता. ते चहात साखर घालायचं कधी बंद झालं, हे काही भिंतीतून ऐकू येत नाही.

साखर विरघळली तसा हंबीररावाच्या तोंडावर रंग आला. त्यानं डोळे उघडले. समोर भाऊसो.

"फेरी थांबली का?" त्यानं विचारलं. त्यालाच विचारलं. आसपास म्हैस नव्हती.

"थांबली."

"कुनाच्या हुकमानं?"

"तुजं डोकं पत्र्यात अडाकलं हुतं."

हंबीररावानं सदऱ्यावरची मेडलं सरळ केली. "शेपाट पुढं घेतलं तर चालंल का, इचार बाईस्नी."

"चालेल की," प्रांजलबाई म्हणाल्या. "दोन्हीकडून तोंडच आहे."

हंबीररावाला उठू दिलं नाही. मग डोक्यात कोण, असा प्रश्न आला. गडी एकमेकांकडं बघेपर्यंत हरणाबाईनं पदर खोचला आणि ती आत शिरली. अशा रीतीनं महामांडूळ उलट दिशेनं फेरीत लागलं. पुढं भाऊसो, मागं हरणाबाई. जबड्याची दोरी तिला इतकी आवडली, की पंचायत समितीच्या पटांगणापर्यंत तिनं तो एकदाही बंद ठेवला नाही.

बक्षीस गव्याला मिळालं. परीक्षकांनी करंजदऱ्याच्या मेहनतीचं कौतुक केलं, पण सदर जनावर शासनाच्या कुठल्याच यादीत नसल्यामुळं त्याला गुण देता येत नाहीत, असं सांगितलं. "यादीत कधी येईल?" असं सरपंचांनी विचारलं. "झाल्यावर अर्ज करा," परीक्षक म्हणाले. सरपंचांनी ते लक्षात ठेवलं.

परत येताना टेम्पोत सापाचं वेटोळं मध्ये आणि माणसं कडेनं बसली. जागा तेवढीच राहिल्यामुळं दोघं भाऊ शेजारी आले. टेम्पो घाटाच्या पहिल्या वळणाला लागला.

"छापनाऱ्याची चूक हुती," भाऊसो म्हणाला.

"ठावं हाय."

"मंग?"

"मंग काय? दुरुस्त करायची."

"समद्या पत्रिका वाटून झाल्या हुत्या, आण्णा! गावोगाव जाऊन खोडत बसू व्हय?"

"समद्या कशाला?" हंबीरराव बाहेर बघत म्हणाला. "एक करायची. माजी. पेनानं केली असती तरी चाललं असतं. मला काय लोकांचं पडलंय? भावाला तरी ठावं हाय का न्हाई मी कोन हुतो ते, एवढंच बगायचं हुतं."

भाऊसोनं आवाज चढवला. लग्नात जेवला नाहीस, पोरगी रडली, असं तो म्हणाला. पोरगी रडली तर मला का सांगितलं नाही, असं हंबीरराव म्हणाला. सांगणार कसं, तू बोलत नव्हतास. मी बोलत नव्हतो का तू? करंजदरा येईपर्यंत हे चाललं. नाथाजींनी दोनदा मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण काय चाललंय ते त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. शालूबाई आणि हरणाबाई एकमेकींच्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो दूध घालून आला आणि घरात न जाता थोरल्याच्या ओट्यापाशी थांबला. काय म्हणायचं ते त्यानं डेअरीपासून वाटेत तीनदा जुळवलं होतं. दार अर्धं उघडं होतं. आत हंबीरराव खुर्चीत पेपर घेऊन बसला होता, पुढं कोऱ्या चहाचा पेला. भाऊसो उंबऱ्यावर उभा राहिला. त्यानं घसा खाकरला.

हंबीररावानं पेपर खाली केला नाही.

"आत तरी ये, न्हाईतर दार तरी लाव," तो म्हणाला. "मांजार येतंय."

भाऊसो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.